व्हायरस काढायचा, पण कुठून कुठून?

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचं एक छोटं कार्यालय आहे, इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ॲडमिनिस्ट्रेशन. मागे पडलेल्या भागांना विकासासाठी अनुदान देणं हे त्याचं काम. ६ डिसेंबर २०११ रोजी सरकारच्या संगणक-सुरक्षा पथकाने खात्याला कळवलं, की तुमच्या नेटवर्कवर काहीतरी संशयास्पद हालचाल दिसते आहे. खात्यातल्या तपास पथकाने या कार्यालयाला १४६ यंत्रांची यादी धाडली. यादी होती नेटवर्कच्या त्या भागात असलेल्या यंत्रांची. कार्यालयाने ती लागण झालेल्या यंत्रांची म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पत्र गेलं. लागण फक्त दोन यंत्रांना दिसते, असा त्याचा अर्थ होता. पण आदल्या दिवशीची यादी चुकीची होती, हे त्यात कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. पुढचे कित्येक महिने खातं दोन यंत्रं धरून चाललं होतं आणि कार्यालय १४६.

जानेवारी २०१२मध्ये कार्यालयाने स्वतःला नेटवर्कपासून तोडून घेतलं. ईमेल बंद, वेबसाइट बंद. कोणत्या तरी परक्या सरकारने आपल्यावर हल्ला केला आहे, अशी तिथल्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाची खात्री झाली होती. बाहेरून बोलावलेल्या कंत्राटदाराला काही आठवड्यांत सहा यंत्रांवर नेहमीचे, बाजारात फिरणारे व्हायरस सापडले. परक्या हेराचा मागमूसही नव्हता. तरी कार्यालयाने संगणक मोडीत काढायला सुरुवात केली. त्यात प्रिंटर होते, कॅमेरे होते, टीव्ही होते, कीबोर्ड होते आणि माऊससुद्धा होते. १,७०,५०० डॉलरची यंत्रसामग्री नष्ट झाली आणि ती नष्ट करण्याची मजुरी ४,३०० डॉलर वेगळी. आणखी तीसेक लाख डॉलरचं सामान रांगेत होतं, पण ऑगस्ट २०१२मध्ये पैसे संपले म्हणून ते वाचलं. एकूण खर्च २७ लाख डॉलरच्या वर, म्हणजे कार्यालयाच्या त्या वर्षीच्या माहिती-तंत्रज्ञान तरतुदीच्या निम्म्याहून अधिक. खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१३च्या अहवालात हा सगळा हिशेब मांडला. गंमत म्हणजे असाच इशारा त्याच सुमारास खात्याच्या हवामान व सागर विभागालाही मिळाला होता. त्यांनी काही आठवड्यांत यंत्रं साफ केली आणि विषय मिटवला.

व्हायरस काढण्याविषयी बोलताना सगळा भर ‘कोणतं अँटिव्हायरस घ्यावं’ यावर असतो. गेल्या काही दशकांतली मोठी प्रकरणं पाहिली, तर नुकसानाचा मोठा हिस्सा व्हायरसने केलेला नसतो. तो झालेला असतो अर्धवट कळलेल्या निदानाने आणि उलट्यासुलट्या क्रमाने केलेल्या उपायांनी.

एका सुट्या संगणकाचा प्रश्न कधीच फार अवघड नव्हता. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि आत चक्क त्यांच्या दुकानाचा पत्ता व फोन नंबर होता. फ्लॉपी बाहेर ठेवली की प्रसार थांबला. पुण्यात कैलाश काटकर यांचा कॅल्क्युलेटर आणि हिशेबयंत्रं दुरुस्तीचा व्यवसाय होता. पुढे दुरुस्तीला संगणक येऊ लागले आणि त्यांत व्हायरस सापडू लागले. धाकटे भाऊ संजय काटकर यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून १९९५मध्ये क्विक हील उभं राहिलं. त्या काळातलं काम यंत्रागणिक होतं: संगणक टेबलावर आला, साफ केला, गिऱ्हाइकाला परत दिला.

नेटवर्क आलं आणि हे टेबल अपुरं पडलं. जुन्या चाळीत एका खोलीतले ढेकूण कितीही मारा, शेजारच्या खोलीतून रात्रीत परत येतात. वीस संगणकांच्या कार्यालयाचं तसंच होतं. एकोणीस साफ केले आणि कोपऱ्यातला, फक्त चलनं छापण्यापुरता चालू होणारा विसावा राहिला, की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

याचा पहिला मोठा धडा २ नोव्हेंबर १९८८च्या रात्री मिळाला. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर स्वतःच जाणारा प्रोग्रॅम, तेव्हाच्या इंटरनेटवर पसरला. त्या इंटरनेटवर सुमारे साठ हजार यंत्रं होती आणि त्यांतली सहा हजार बाधित झाल्याचा अंदाज सांगितला जातो. विद्यापीठांनी घाबरून आपापल्या जोडण्या तोडल्या. मॉरिसच्या एका मित्राने वर्म कसा थांबवायचा याची सूचना निनावी पाठवली होती. पण तुंबलेल्या आणि तुटलेल्या नेटवर्कमुळे ती लोकांना मिळेपर्यंत उपयोग राहिला नव्हता. आग लागली म्हणून दारं लावली आणि बंबवालाही बाहेरच राहिला. त्यानंतर लगेच कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आणीबाणीसाठी पहिलं ‘सर्ट’ केंद्र सुरू झालं. भारताचं ‘सर्ट-इन’ २००४पासून काम करतं, ते याच परंपरेतलं.

यंत्र नेटवर्कमधून वेगळं काढा, ही पहिली सूचना आजही बरोबरच आहे. केबल काढायची, वायफाय बंद करायचं. पण वेगळं काढणं आणि बंद करणं यात फरक आहे, आणि कार्यालयात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ‘रीस्टार्ट करून बघा’ हा आपल्याकडचा सर्वरोगहर उपाय. जुलै २००१च्या ‘कोड रेड’ला तो अगदी लागू पडायचा. हा वर्म डिस्कवर काहीच लिहीत नसे, फक्त मेमरीत राहायचा. सर्व्हर बंद करून चालू केला की तो गेला. मात्र मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती बसवली नसेल, तर जोडणी झाल्यावर थोड्याच वेळात तो पुन्हा हजर. १९ जुलै २००१ रोजी चौदा तासांच्या आत त्याने ३,५९,००० यंत्रं गाठली होती. जानेवारी २००३च्या ‘स्लॅमर’चंही तेच. अवघ्या ३७६ बाइटचा हा प्रोग्रॅम पहिल्या दहा मिनिटांतच ज्यांना लागण होऊ शकत होती, अशा बहुतेक सगळ्या यंत्रांपर्यंत पोचला. त्याच्यावरची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती.

आता याच उपायाची दुसरी बाजू. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा एका फ्रेंच संशोधकाच्या लक्षात आलं, की जुन्या विंडोजमध्ये कुलपाची किल्ली ज्या संख्यांपासून बनते, त्या मेमरीत काही काळ तशाच पडून राहतात. यंत्र चालूच ठेवलं असेल आणि नशीब बरं असेल, तर फायली पैसे न देता उघडता येत होत्या. ज्यांनी सवयीने रीस्टार्ट मारला, त्यांच्या मेमरीतली ती शेवटची आशा पुसली गेली. एका व्हायरसचं औषध दुसऱ्याला विष ठरतं, ते असं.

वॉनाक्रायनेच आणखी एक पेच टाकला होता. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश संशोधकाने त्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं एक विचित्र, लांबलचक डोमेन नाव विकत घेतलं. वर्म प्रत्येक नव्या यंत्रावर आधी त्या पत्त्याला हाक मारायचा आणि उत्तर आलं तर गप्प बसायचा. त्यामुळे प्रसार मंदावला. पण काही कार्यालयांनी ‘संशयास्पद पत्ता’ म्हणून नेमका तोच पत्ता फायरवॉलवर अडवला आणि स्वतःच्याच हाताने वर्मला मोकळं रान दिलं. व्हायरस काय करतो हे न समजता कुठलीही कृती करू नये, एवढं यातून नक्की निघतं.

निदान म्हणजे अँटिव्हायरसने दाखवलेलं नाव वाचणं नव्हे. तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: तो आत कुठून आला, एका यंत्रावरून दुसऱ्यावर कसा जातो आणि आत आल्यावर काय बदलतो. या तिन्हींचा धडा एकत्र शिकायचा असेल, तर ‘कॉन्फिकर’सारखा नमुना नाही.

२३ ऑक्टोबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता एमएस०८-०६७ ही तातडीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढच्याच महिन्यात त्याच छिद्रातून घुसणारा कॉन्फिकर फिरू लागला. दुरुस्ती बसवली म्हणजे झालं, असं अनेकांना वाटलं. पण त्याच्या पुढच्या आवृत्तीकडे आणखी दोन वाटा होत्या. एक पेन ड्राइव्हची: ऑटोरनमुळे ड्राइव्ह लावताच एक खिडकी उघडायची आणि तिच्यात फोल्डरचं चित्र दाखवून तो फसवायचा. दुसरी पासवर्डची: शेअर केलेल्या फोल्डरांवर तो ‘१२३४५६’, ‘ॲडमिन’ असे सोपे शब्द एकामागून एक लावून पाहायचा. कर्मचाऱ्यांची खाती सकाळी सकाळी आपोआप लॉक झालेली दिसायची, ती यामुळे. चुकीचा पासवर्ड पाच-दहा वेळा टाकला की खातं बंद, हा नियम मुळात सुरक्षेसाठी. पण तोच लागणीचं पहिलं लक्षण ठरला. आत शिरल्यावर तो विंडोज अपडेट बंद करायचा, रीस्टोअर पॉइंट पुसायचा आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडूच द्यायचा नाही.

या शेवटच्या गोष्टीवरून एका संशोधकाने फारच सुंदर युक्ती काढली. एका वेब पानावर वरच्या ओळीत सुरक्षा कंपन्यांची चित्रं, खालच्या ओळीत ज्यांच्याशी कॉन्फिकरला देणंघेणं नाही अशांची. दोन्ही ओळी दिसल्या तर यंत्र बहुधा ठीक. फक्त खालची दिसली तर लागण. डोळे तपासायच्या तक्त्यासारखं हे पान शिपायालाही वाचता येत होतं. नेटवर्क तपासायला नेहमी महागडं साधनच लागतं असं नाही.

मँचेस्टर महापालिकेला फेब्रुवारी २००९मध्ये याच कॉन्फिकरने गाठलं. साफसफाईचा आणि नंतरच्या सुधारणांचा खर्च सुमारे १५ लाख पौंड झाला, त्यातला मोठा वाटा सल्लागारांचा. बसमार्गिकेत गाडी घातल्याबद्दलच्या १,६०९ दंडाच्या नोटिसा मुदतीत पाठवता आल्या नाहीत, त्यामुळे तेवढ्या वाहनचालकांना व्हायरस पावला. पुढे महापालिकेने पेन ड्राइव्ह वापरण्यावरच बंदी घातली. फ्रेंच नौदलाच्या अंतर्गत नेटवर्कमध्येही तो शिरला आणि काही लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली, कारण उड्डाणाची माहिती उतरवून घेता येईना.

कॉन्फिकर काढताना क्रम चुकला की काम वाया जायचं. आधी दुरुस्ती, मग पासवर्ड, मग ऑटोरन बंद आणि सर्वांत शेवटी व्हायरस काढणारं साधन, अशा क्रमाने गेलं तरच साफ झालेलं यंत्र साफ राहायचं. बहुतेक ठिकाणी साधन आधी चालवलं गेलं, कारण ‘व्हायरस सापडला, काढला’ अशी हिरवी ओळ पाहायची घाई साहेबांना असते.

त्यात भर म्हणजे साफ करणारा माणूस स्वतःच वाहक ठरतो. आपल्याकडच्या पतसंस्था, सीएंची कार्यालयं, डीटीपीवाले आणि शाळांमध्ये वार्षिक देखभालीचा करार असलेला हार्डवेअरवाला येतो, खिशातला पेन ड्राइव्ह काढतो आणि या यंत्रावरून त्या यंत्रावर फिरवतो. ‘फोल्डरचे शॉर्टकट झाले’ ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी परिचयाची आहे. हा प्रकार खरं तर साधा. व्हायरस ड्राइव्हवरचे मूळ फोल्डर ‘सिस्टीम’ आणि ‘हिडन’ अशी खूण लावून लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरं फोल्डरही उघडतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. विंडोज फायलीच्या नावाचं शेपूट लपवते, त्यामुळे ‘बिल’ नावाचा प्रोग्रॅमही फोल्डरचं चित्र लावून फोल्डर म्हणून खपतो. लपलेला डेटा ‘ॲट्रिब’च्या एका आदेशाने परत दिसू लागतो. पण आपला डेटा गेला असं समजून ड्राइव्ह फॉर्मॅट करणारे कमी नाहीत. अशा वेळी उडालेली टॅलीची तीन महिन्यांची नोंद व्हायरसच्या खात्यावर लिहिली जाते, ते अन्यायाचं आहे.

कार्यालय मोठं असेल तर पेन ड्राइव्हच्या जागी प्रशासकाचा पासवर्ड येतो. ‘इमोटेट’ या व्हायरसने ही खोड दाखवून दिली. तो बिलाच्या किंवा कुरियरच्या नावाने आलेल्या वर्ड फायलीतून घुसायचा आणि यंत्रावर साठवलेले पासवर्ड गोळा करायचा. अशा यंत्रावर एखाद्या प्रशासकाने संपूर्ण नेटवर्कचे अधिकार असलेल्या खात्याने लॉगइन केलं, की तेही अधिकार त्याच्या हाती. म्हणून अमेरिकी सरकारच्या सल्ल्यात स्पष्ट सांगितलं होतं, की लागण झालेल्या यंत्रावर डोमेन प्रशासकाच्या खात्याने जाऊ नका. पण डोकेदुखीच्या दिवशी प्रशासक नेमका तेच करतो, कारण त्या खात्याने सगळं उघडतं. इमोटेटची सफाई मात्र वेगळ्याच तऱ्हेने झाली. जानेवारी २०२१मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि २५ एप्रिल २०२१ रोजी बाधित यंत्रांवर पोलिसांनी त्याच वाटेने पाठवलेला एक तुकडा चालून तो आपोआप निघून गेला.

पोलिसांच्या या उपायाला एक जुना, फसलेला पूर्वज आहे. ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ धुमाकूळ घालत असताना आठवड्याभरात ‘वेल्चिया’ नावाचा दुसरा वर्म आला. तो ब्लास्टरला हुडकून काढायचा, मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती उतरवून बसवायचा आणि २००४ उजाडल्यावर स्वतःलाही पुसून टाकायचा. कुणा परोपकारी माणसाचा उद्योग दिसतो. पण बाधित होऊ शकणारी यंत्रं शोधताना त्याने नेटवर्कवर इतकी हाकाटी केली, की अमेरिकी नौदलाचं अंतर्गत नेटवर्क आणि एअर कॅनडाचे तिकीट काउंटर ठप्प झाले. परवानगीशिवाय केलेली सफाई ही घुसखोरीच, मग तिचा हेतू कितीही चांगला असो.

अधिकृत औषधानेही कधी रोगी आडवा होतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून बाजूला काढली आणि हजारो यंत्रं पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरची ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकवली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दोन्ही वेळा यंत्रं एकेक करून, माणसाने समोर बसून सोडवावी लागली.

मग साफ करावं की फॉर्मॅट मारावा? या वादाला वय झालं आहे. २००४मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या जेस्पर योहान्सन यांनी निःसंदिग्धपणे लिहिलं होतं, की एकदा परका माणूस यंत्रात शिरला, की त्या यंत्राने स्वतःबद्दल दिलेली कुठलीही माहिती विश्वासाची नाही. सपाट करा आणि नव्याने उभं करा. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. फ्रेड कोहेन यांनी १९८४च्या निबंधातच दाखवलं होतं, की सर्व व्हायरस अचूक ओळखणारी एकच सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. म्हणजे ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही.

पण सरसकट फॉर्मॅट हाही आळसच आहे. जाहिराती दाखवणारा एखादा फालतू प्रोग्रॅम काढायला पन्नास यंत्रं सपाट करण्यात अर्थ नाही. उलट ज्याने पासवर्ड चोरले असतील किंवा बाहेरच्याला आत येण्याची वाट करून दिली असेल, त्याच्यासाठी फॉर्मॅटही पुरेसा नाही, कारण चोरलेला पासवर्ड फॉर्मॅटने परत येत नाही. शिवाय फॉर्मॅटमध्ये पुरावाही जातो. निदान एका बाधित डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवावी. त्याचा दुसरा फायदा खंडणीखोर व्हायरसमध्ये आहे. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमातून अनेक जातींच्या किल्ल्या मोफत मिळतात, आणि कित्येकदा किल्ली हल्ल्यानंतर वर्षभराने सापडते. तोवर कुलूपबंद डिस्क कुणी भंगारात दिली नसेल तर.

नव्याने उभं करण्याची खरी कसोटी लागली ती मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एमईडॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ आत आला. वॉनाक्रायचंच छिद्र त्याच्याकडे होतं, पण सोबत मेमरीतून प्रशासकाचे पासवर्ड उपसण्याचीही सोय होती. त्यामुळे दुरुस्ती बसवलेली यंत्रंही कोसळली. आपल्या न्हावाशेवा बंदरातलं, मर्स्क गटाकडे असलेलं गेटवे टर्मिनल त्याच दिवशी अडकलं आणि कंटेनरची नोंद हाताने करण्याची वेळ आली. पाठीमागे ट्रकांच्या रांगा लागल्या. कोपनहेगनमधला आणि कीव्हमधला प्रश्न रायगड जिल्ह्यातल्या चालकांपर्यंत एका संध्याकाळीत येऊन पोचला होता.

मर्स्कच्या बऱ्याच सर्व्हरचा बॅकअप होता. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे कोण कर्मचारी आणि त्याला काय उघडण्याचा अधिकार, हे सांगणाऱ्या यंत्रांचा. अशी सुमारे दीडशे यंत्रं जगभर पसरलेली होती आणि ती एकमेकांची प्रत राखत. एक गेलं तर दुसरं आहे, हा हिशेब. सगळी एकाच वेळी जातील हे कुणी धरलंच नव्हतं. शेवटी एक सापडलं, घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली असल्यामुळे ते नेटवर्कवर नव्हतं. तिथलं इंटरनेट एवढा डेटा पाठवण्याइतकं वेगवान नव्हतं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसाही नव्हता. म्हणून घानाचा माणूस नायजेरियाला गेला, विमानतळावर हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोचली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी दाव्होसमध्ये सांगितलं. नुकसानाचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर. भारनियमनाने वैतागलेल्या माणसाला या कथेतली वीज जाण्याची भूमिका विशेष आवडावी.

साफ झाल्यावरही धोका बराच काळ राहतो. तैवानची चिप बनवणारी बलाढ्य कंपनी टीएसएमसी ऑगस्ट २०१८मध्ये वॉनाक्रायच्याच एका भावंडाने थांबली, मूळ साथ येऊन गेल्यावर तब्बल सव्वा वर्षाने. नवं यंत्र बसवताना ते तपासल्याशिवाय कारखान्याच्या नेटवर्कला जोडलं गेलं, एवढंच निमित्त. प्रिंटर, हजेरीचं बोटाचे ठसे घेणारं यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, यांना कुणी संगणक मानत नाही. २०१६चा ‘मिराई’ अशाच कॅमेऱ्यांवर आणि राऊटरवर वाढला, तोही कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नाही म्हणून.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. मे २०१६मध्ये मंत्रालयातले महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांचे सुमारे दीडशे संगणक ‘लॉकी’ने कुलूपबंद केले. मार्च २०२१मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं ऑनलाइन काम थांबलं. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. तिथे एटीएमच्या मंजुरीच्या यंत्रणेतच मालवेअर बसवलेलं होतं. पैसे काढायला बनावट कार्डं अनेक देशांत एकाच वेळी चालवली गेली.

देशपातळीवर सर्वांत बोलकं उदाहरण दिल्लीच्या एम्सचं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. बाह्यरुग्ण नोंदणी, बिलं, तपासण्यांचे अहवाल, सगळं दोन आठवडे कागदावर आलं. सुटका झाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. संसदेत सरकारने कारण सांगितलं, ते व्हायरसच्या हुशारीचं नव्हतं. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, एवढंच. नोंदणीच्या खिडकीवरचा संगणक आणि मुख्य डेटाचा सर्व्हर यांच्यात भिंत नसेल, तर वेगळं काढायचं ठरवलं तरी कुठे कापायचं हेच कळत नाही. भिंती हल्ल्याच्या दिवशी बांधता येत नाहीत.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे आणि यंत्रांचे लॉग, म्हणजे हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. कार्यालयांना हे लोढणं वाटतं. पण लॉग नसतील तर व्हायरस कुठून आला या पहिल्या प्रश्नाचं उत्तरच मिळत नाही आणि मग सगळंच जाळा, नाहीतर काहीच करू नका, असे दोनच पर्याय उरतात. वॉशिंग्टनमधल्या त्या कार्यालयाने पहिला निवडला. आपल्याकडे बहुधा दुसरा निवडला जातो.

लहान कार्यालयाला सुरक्षेचा वेगळा विभाग परवडणार नाही, हे मान्य. पण एक कागद परवडतो. त्यावर आपल्याकडची सगळी यंत्रं (प्रिंटर आणि डीव्हीआर धरून), कोणतं कोणत्या केबलवर, कुणाकडे प्रशासकाचा अधिकार आणि बॅकअप कुठे, एवढं लिहिलेलं असावं. हा कागद कपाटात असावा, संगणकात नव्हे. बॅकअपची एक प्रत नेटवर्कला कायम जोडलेली नसावी. जोडलेली असेल तर व्हायरस आधी तीच खातो. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी फाइल खरोखर उघडून पाहावी. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७पासून व्हायरस काढण्याची साधनं मोफत देतं. त्यांतलं एक पुण्याच्या क्विक हीलचं आहे.

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मुदतवाढीच्या योजनेत नाव न घातलेली अशी यंत्रं राज्यातल्या असंख्य कार्यालयांत अजून रोज चालू होतात. ती लगेच बदलणं जमणार नसेल, तर निदान हिशेबाच्या सर्व्हरपासून वेगळी जोडून घ्यावीत. एका दुपारचं काम आहे. तुमच्या हार्डवेअरवाल्याला या आठवड्यातच बोलवा, आणि येताना पेन ड्राइव्ह तपासून आण म्हणावं.